लेखापरीक्षणातील उमेदवारी : विद्या की वेठ?

सनदी लेखापालांच्या अंतिम परीक्षेचा निकाल लागला की वृत्तपत्रांतून यशस्वी मुलामुलींची छायाचित्रे झळकू लागतात. कोणाचे वडील रिक्षा चालवितात, कोणाची आई शिवणकाम करून घर सावरते, हा तपशील आवर्जून दिला जातो आणि तो वाचून आपल्यालाही समाधान वाटते. मात्र त्या छायाचित्रामागे जी दोन-तीन वर्षे उभी असतात, त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. ती वर्षे नुसत्या परीक्षेची नसतात, उमेदवारीची असतात. एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात दिवसभर काम करावयाचे आणि रात्री किंवा पहाटे अभ्यासाला बसावयाचे, असा हा क्रम असतो. तो पुरा केल्याशिवाय केवळ गुणांच्या बळावर ही सनद कोणालाही मिळत नाही.

सामान्य वाचकाला वाटेल, हा त्या मुलांचा आणि त्यांच्या व्यवसायाचा प्रश्न आहे. आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. ताळेबंदाखाली सही सनदी लेखापालाची असते. परंतु त्या सहीपूर्वी पावत्या उलटणारे, बँकेच्या शिलकेचा ताळमेळ घालणारे, गुदामात जाऊन पोती मोजणारे हात बहुतांशी एकवीस-बावीस वर्षांच्या उमेदवारांचे असतात. ज्या बँकेत शिक्षकाची आयुष्यभराची शिल्लक आहे, ज्या कंपनीचे भाग एखाद्या कारकुनाने निवृत्तीनंतरच्या आधारासाठी घेतले आहेत, त्या संस्थांच्या हिशेबांची पहिली तपासणी या मुलांच्या डोळ्यांनी होते. ते डोळे पाहावयास शिकले आहेत की नुसते फिरावयास, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. म्हणूनच या उमेदवारीत विद्या किती आणि वेठ किती, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

कलमांनी बांधलेला विद्यार्थी

ही पद्धत मूळची विलायतेतली. तेथे गुरू आणि शिकाऊ यांच्यात रीतसर करार होई. करारातील कलमांना आर्टिकल्स म्हणत, म्हणून त्या कलमांनी बांधला गेलेला तो आर्टिकल्ड क्लार्क. विद्या देण्याबद्दल शिकाऊ उमेदवाराच्या पालकानेच गुरूला प्रीमियमची रक्कम मोजावी, अशी तेथील चाल होती. आपल्याकडे १९१८ साली मुंबईत जी.डी.ए. ही शासकीय पदविका सुरू झाली, तेव्हा तिच्या जोडीलाही मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षांची उमेदवारी होतीच. पुढे १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्यान्वये त्याच वर्षी १ जुलै रोजी भारतीय सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली. तिनेही ही परंपरा चालू ठेविली. नियमांच्या भाषेत आता 'क्लार्क' जाऊन 'असिस्टंट' आला आहे. पण कार्यालयीन बोलीत कराराच्या कलमाचे नावच माणसाला चिकटून बसले आहे. 'आमच्याकडे चार आर्टिकल आहेत' असे वाक्य सहज कानावर पडते. माणसाची गणना कपाटे-खुर्च्यांच्या यादीत व्हावी, तशी ती ऐकणाऱ्याला बोचते.

१ जुलै २०२३ पासून नवी शिक्षणयोजना लागू झाली आणि तीन वर्षांची ही उमेदवारी दोन वर्षांवर आली. इंटरमीजिएट परीक्षेचे दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर उमेदवारी सुरू व्हावी आणि ती संपल्यावर सहा महिने अभ्यासाला मोकळे मिळून मग अंतिम परीक्षा द्यावी, अशी नवी रचना आहे. विद्यावेतनाचे किमान दरही या वेळी दुप्पट करण्यात आले. तथापि दुप्पट होऊनही वीस लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात पहिल्या वर्षाचा किमान दर महिना ४,००० रुपये एवढाच ठरला. मोठ्या कार्यालयांतून याहून पुष्कळ अधिक दिले जाते, हे खरे. पण अनेकांना किमान तेवढेच मिळते, हेही तितकेच खरे. जळगावहून किंवा लातूरहून पुण्यास येणाऱ्या मुलाचे कॉट बेसिसवरील खाटेचे भाडेही या रकमेत भागत नाही, मग खानावळीची गोष्ट दूरच.

मुदत घटविल्याबद्दल जुन्या पिढीतील अनेक लेखापाल हळहळतात. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक आहे, असे नाही. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. तीन वर्षे बसविले म्हणजे तीन वर्षांचे शिक्षण झाले, असे ते धरून चालतात. प्रत्यक्षात कित्येकांचे एकाच वर्षाचे काम तीन वेळा होत असे. म्हणून मुदत किती, यापेक्षा त्या मुदतीत काय घडते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

थप्पीच्या आत

काय घडू शकते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाच्या पदरी आहे. १९९१ सालच्या मार्चअखेरीस खानदेशातील एका तेलगिरणीच्या गुदामात मला सरकीच्या पेंडीची पोती मोजण्यासाठी धाडण्यात आले. उमेदवारीचे पहिलेच वर्ष होते. मी थप्पीची लांबी, रुंदी आणि उंची यांतील पोती मोजली, गुणाकार केला आणि आकडा लिहिला. तो गिरणीच्या साठापुस्तकाशी तंतोतंत जुळला. मी वही मिटली, तेव्हा शेजारी बसलेला एक वृद्ध हमाल म्हणाला, "भाऊ, वर चढून पाहिलं का? थप्पी बाहेरून मोजत नसतात." मी शिडी मागवून वर चढलो. मधल्या भागात सुमारे दोन पुरुष खोल पोकळी होती. चार बाजूंनी पोत्यांची भिंत आणि आत हवा, असा तो साठा होता.

सायंकाळी मी कार्यालयात हे सांगितले, तेव्हा आमचे साहेब स्वतः दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर त्या गुदामात आले, धोतराचा काचा मारून शिडी चढले आणि प्रत्येक थप्पी आतून पाहिली. परतताना त्यांनी मला काहीही उपदेश केला नाही. रात्री मात्र एक जाड पुस्तक काढून किंग्स्टन कॉटन मिलचा खटला वाचावयास दिला. १८९६ सालचा हा विलायतेतील खटला. गिरणीच्या व्यवस्थापकाने दिलेल्या दाखल्यावर विसंबून लेखापरीक्षकांनी शिल्लक मालाचा फुगविलेला आकडा स्वीकारला होता आणि अपील न्यायालयाने त्यांना जबाबदार धरले नाही. लेखापरीक्षक हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, हे न्यायमूर्ती लोप्स यांचे मत तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला मुखोद्गत असते. साहेबांनी पुस्तक मिटताना एवढेच विचारले, "राखणीचा असला तरी त्यानं भुंकायचं की नाही?"

त्या दोन दिवसांत मी जे शिकलो, ते एखाद्या शिकवणीवर्गात वर्षभर बसूनही मिळाले नसते. सकाळी गुदाम, रात्री खटला, हा जो सांधा आहे, तोच या उमेदवारीचा प्राण होय. आज तर मालसाठ्याची रक्कम मोठी असल्यास त्याच्या मोजणीला लेखापरीक्षकाने हजर राहावे, असे लेखापरीक्षणाची मानकेच सांगतात. मानक पाठ करता येते. शिडी मागवावी लागते, हे मात्र कोणीतरी दाखवावे लागते.

राहून गेलेला प्रश्न

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, अन्यथा हे केवळ गतकाळाचे गुणगान ठरेल. त्याच कार्यालयाकडे एका पतसंस्थेच्या अंतर्गत तपासणीचे काम होते. दुसऱ्या वर्षी कर्जखात्यांची खतावणी पाहताना मला दिसले, की दहा-बारा मोठे कर्जदार दर वर्षी ३० किंवा ३१ मार्चला कर्ज पूर्ण फेडतात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात व्याजासह तेवढीच रक्कम नव्याने उचलतात. सहकारात यालाच नवे-जुने करणे म्हणतात. थकलेले कर्ज वसूल झाल्याचे त्यामुळे कागदावर दिसते. प्रत्यक्षात एक रुपयाही आलेला नसतो. मी यादी करून साहेबांपुढे ठेविली. कामाची घाई होती, त्या संस्थेचे अध्यक्ष गावातील वजनदार गृहस्थ होते आणि कार्यालयाची निम्मी कामे त्यांच्या शब्दावर येत. साहेब यादीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हे पुढच्या वर्षी बघू." मी यादी घडी करून खिशात ठेविली आणि त्या खात्यांवर हिरव्या पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या.

ते पुढचे वर्ष आलेच नाही, कारण काम दुसऱ्या कार्यालयाकडे गेले. काही वर्षांनी त्या पतसंस्थेला टाळे लागले. ठेवीदारांत माझे शाळेतील गणिताचे शिक्षक होते. त्यांनी मला कधी काही विचारले नाही. त्यांना विचारण्याचे कारणही नव्हते. पण त्या हिरव्या खुणा माझ्या हातच्या होत्या, हे मी विसरू शकलेलो नाही. शिडी चढणारा गुरू आणि यादी बाजूला सारणारा गुरू ही एकच व्यक्ती होती. माणूस वाईट नव्हता. उमेदवाराचा प्रश्न कागदावर राहील आणि त्याला उत्तर द्यावेच लागेल, अशी कोणतीही सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

अशा राहून गेलेल्या प्रश्नांची किंमत पुढे समाज मोजतो. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबुली दिली, की ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात दाखविलेल्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. बँकेतील शिल्लक ही तपासावयास सर्वांत सोपी बाब. बँकेला आपण पत्र धाडावे आणि उत्तर कंपनीच्या हाती न पडता थेट आपल्याकडे यावे, हा धडा उमेदवार पहिल्याच वर्षी गिरवितो. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध लादले आणि ठेवीदारांना प्रारंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा उरली. एकाच उद्योगसमूहाची थकीत कर्जे झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखविण्यात आली, असा आरोप पुढे आला. मुंबईत बँकेच्या दारात रडणाऱ्या वृद्धांची दृश्ये आपण सर्वांनी पाहिली आहेत. यांपैकी कोणत्याही प्रकरणाचा दोष उमेदवारांच्या माथी मारता येणार नाही. सही करणाऱ्याची जबाबदारी सही करणाऱ्याचीच. प्रश्न इतकाच आहे, की 'हे असे का?' असे विचारण्याची सवय ज्या वयात लागावयाची, त्या वयात आपण या मुलांना कोणती सवय लावतो?

तीन सबबी

आज पुष्कळ कार्यालयांतून उमेदवाराच्या वाट्याला जे येते, ते शिक्षण म्हणण्याजोगे नसते. विवरणपत्रे भरणे, कागद स्कॅन करणे, एखाद्या सरकारी कार्यालयात रांगेत उभे राहणे, यांतच त्याचे महिने जातात. आठवड्याला पस्तीस तास हे संस्थेचे प्रमाण. पण करविषयक लेखापरीक्षणाची मुदत जवळ आली की रात्रीचे दहा-अकरा वाजणे नित्याचे होते. याच्या उलट टोकाला कागदोपत्री उमेदवारी आहे. नाव एका कार्यालयात नोंदवावयाचे, दिवसभर शिकवणीवर्गात बसावयाचे, आणि दाखला मात्र दोन वर्षांच्या कामाचा घ्यावयाचा. पहिल्या प्रकारात विद्यार्थ्याचे शोषण आहे, दुसऱ्यात विद्यार्थी आणि गुरू यांचे संगनमत आहे. परिणाम एकच : थप्पी आतून न पाहिलेला लेखापाल तयार होतो.

यावर तीन सबबी सांगितल्या जातात. पहिली सबब वडीलधाऱ्यांची : आम्हीही हेच भोगले आणि आमचे काही बिघडले नाही. सासूने सुनेला ऐकवावा तसा हा युक्तिवाद आहे. आपण सोसले, हे दुसऱ्याने सोसण्याचे कारण होऊ शकत नाही.

दुसरी सबब लहान कार्यालयांची आहे आणि ती अधिक विचारार्ह आहे. तालुक्याच्या गावी एकट्याने व्यवसाय करणाऱ्या लेखापालाला मिळणारे शुल्क तुटपुंजे असते. तो विद्यावेतन वाढविणार कोठून? हे मान्य केले पाहिजे. किंबहुना अशाच लहान कार्यालयात उमेदवाराला खतावणीपासून ताळेबंदापर्यंत सर्व काही पाहावयास मिळते, तर मोठ्या कार्यालयात तो वर्षभर एकाच बाबीचे कागद चाळीत बसण्याचा धोका असतो. म्हणूनच लहान कार्यालयांवर नुसता दराचा बोजा टाकून भागणार नाही. तेथील उमेदवारांच्या विद्यावेतनाचा काही भाग व्यवसायाच्या सामाईक निधीतून देण्याचा विचार संस्थेने केला पाहिजे.

तिसरी सबब नवी आहे. आता सर्व हिशेब संगणकावर असतात, बेरजा-वजाबाक्या यंत्र करते, तेव्हा या उमेदवारीची गरजच काय, असे विचारले जाते. कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहिली पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पूर्वी खाडाखोड शोधण्यात उमेदवाराचे दिवस जात, ते काम आता यंत्रच करते. पण यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. नुसत्या खुणा करणारा उमेदवार आता खरोखरच निरुपयोगी ठरेल. नोंद बदलली, हे यंत्र सांगेल; ती का बदलली, हे विचारावयास माणूस लागेल. गुदामातील हमालाशी बोलण्याची, रोखपालाच्या चेहऱ्यावरील अस्वस्थता हेरण्याची आणि वजनदार अध्यक्षांपुढे न डगमगता कागद मागण्याची कला यंत्राला शिकविता येत नाही. ती शिकण्याची जागा म्हणजेच ही उमेदवारी.

काय करता येईल

उपाय अवघड नाहीत. पहिला उपाय खर्चाचा नाहीच. उमेदवाराने तपासणीत उपस्थित केलेली प्रत्येक शंका कामाच्या कागदपत्रांत त्याच्या नावानिशी नोंदली जावी आणि सही करणाऱ्या लेखापालाने तिच्याखाली आपले उत्तर लिहावे. उत्तर 'यात वावगे काही नाही' असे असले तरी चालेल. पण ते लिहिलेले असावे. माझी ती घडी केलेली यादी अशा कागदावर असती, तर कदाचित आमच्या साहेबांनी तिसऱ्यांदा विचार केला असता. २०१८ साली राष्ट्रीय वित्तीय प्रतिवेदन प्राधिकरण स्थापन झाल्यापासून मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षणात कागदपत्रांच्या नोंदींना पूर्वी नव्हते इतके महत्त्व आले आहे. त्या नोंदींत उमेदवाराच्या प्रश्नालाही स्थान मिळावे.

दुसरा उपाय म्हणजे उमेदवारी पूर्ण झाल्याच्या दाखल्याबरोबर तोंडी परीक्षा. तू कोणते गुदाम पाहिलेस, कोणत्या बँकेला पत्र पाठविलेस, कोठे अडलास, असे तीन प्रश्न त्रयस्थ लेखापालाने विचारले, तरी कागदोपत्री उमेदवारी दहा मिनिटांत उघडी पडेल. तिसरे, आठवड्यातून एक तास गुरूने उमेदवारांसह एखादी नस्ती उघडून बसावे आणि तो तास कामाच्या वेळेत धरला जावा. दोन वर्षांत असे शंभर तास होतात. मुदत एक वर्षाने घटल्याची भरपाई त्यातून होऊ शकेल.

वाणिज्य महाविद्यालयांतील शिक्षकांनाही यात वाटा उचलता येईल. या परीक्षा इंग्रजी किंवा हिंदी माध्यमातून देता येतात. मराठी माध्यमातून आलेला हुशार मुलगा उमेदवारीत अनेकदा हिशेबापाशी अडखळत नाही, भाषेपाशी अडखळतो, आणि शंका असूनही इंग्रजीत विचारता येत नाही म्हणून गप्प बसतो. त्याला महाविद्यालयातच गावातील एखाद्या बँकेचा छापील वार्षिक अहवाल वाचावयास द्यावा आणि त्यावर मराठीत दहा प्रश्न काढावयास सांगावेत. प्रश्न आधी स्वतःच्या भाषेत सुचला, तर तो दुसऱ्या भाषेत मांडण्याचे धैर्य पुढे येते.

ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब खरा ठरला, असे नव्हे, हा लेखापरीक्षणातील पहिला पाठ आहे. उमेदवारीलाही तो लागू पडतो. वर्षे भरली, दाखला मिळाला, परीक्षा उत्तीर्ण झाली. कागदावर सर्व जुळले. आत काय भरले आहे, हे पाहावयाचे असेल, तर या व्यवसायाच्या धुरीणांना एकदा शिडी मागवून वर चढावे लागेल.